वहिनीच्या कानात सांगितलेलं औषध

बाबा, मला वहिनीचा हेवा वाटतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तरी हे एवढंसं वाक्य मी कुणापुढे बोललेली नाही. दादापुढे बोलले तर तो हसेल. वहिनीला सांगायची गरजच नाही, तिला ते केव्हाच कळलेलं आहे. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्ही हयात असतात तर लिहिलं नसतं, हेही खरं. तुम्ही पानाला चुना लावता लावता नुसतं "हं" म्हणाला असतात आणि मी फणकाऱ्याने उठून आत गेले असते.

तुमचं ते काविळीचं औषध. पोलादपूरच्या पुढचं आपलं गाव एरवी कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, पण रविवारी सकाळी आपल्या अंगणात माणसं बसलेली असायची. महाडहून, दासगावहून, कुणी बायकोला धरून, कुणी पोर खांद्यावर टाकून. डोळे पिवळेधमक. तुम्ही उजाडता उजाडता, कुणाशी एक शब्द न बोलता बांधावर जायचात, पंच्याच्या टोकात काहीतरी झाकून आणायचात, पाट्यावर स्वतःच्या हाताने वाटायचात आणि ताकातून द्यायचात. पैसे घ्यायचे नाहीत, नारळसुद्धा नाही. तेल, तिखट, मासळी बंद. आणि त्या झाडाचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की गुण गेला. आम्हा पोरांना तुम्ही पाट्याच्या आसपाससुद्धा फिरकू द्यायचा नाहीत. मी मात्र शाळेत असल्यापासून धरून चालले होते की हे औषध पुढे माझं आहे. दादाला त्यात काडीचा रस नव्हता, त्याला एसटीत चिकटायचं होतं. मी महाडला कॉलेजात बीएस्सी करत होते. बेडकाचं यकृत मी इतकं स्वच्छ सोडवलं होतं की सरांनी सगळ्या वर्गाला माझ्या टेबलाशी बोलावून दाखवलं. मग यकृत कळणाऱ्या लेकीला नाही द्यायचं तर काय गोठ्यातल्या म्हशीला द्यायचं? मनातल्या मनात मी कितीतरी मांडे खाऊन ठेवले होते.

दादाचं लग्न झालं, नव्वदच्या आसपास, आणि कुडपणची ही आली. सातवी पास. डोंगरावरची, पाय असे की चढावर माणूस मागे पडायचा. पहिल्या दिवसापासून मला "वन्सं, वन्सं" करत होती आणि मला ते आवडतही होतं. मग एका शनिवारी मी महाडहून घरी आले, तर आईने भांडी घासता घासता सांगितलं, "उद्या तुझे बाबा सूनबाईला औषध सांगणार हायत." मी म्हटलं, "तिला?" आई म्हणाली, "मग कुणाला? तू काय जन्मभर इथं राहणार हायस?" मला तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात तसं झालं. औषध एकालाच सांगायचं, रविवारीच, झाडापाशीच, कानात. ज्याला सांगितलं त्याचं ते झालं, सांगणाऱ्याने पुन्हा द्यायचं नाही. आणि जाताना वाटेत कुणी टोकलं तर तसंच परत फिरायचं.

मी टोकलं. तुम्हाला आठवत असणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुढे, ती मागे डोक्यावर पदर घेऊन, आणि मी ओट्यावर दातांना राखुंडी लावत उभी. "कुठे चाललात?" मोठ्याने विचारलं. तुम्ही थांबलात, माझ्याकडे बघितलं नाही, आणि परत आलात. पुढच्या रविवारी मी पुन्हा ओट्यावर. "वहिनी, कुठे गो?" पुन्हा परत. तिसऱ्या रविवारी तर तुम्ही गोठ्याच्या मागून निघालात, तरी मी पळत जाऊन हाक मारली. त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा आणि शेवटचं बोललात. आवाज चढवला नाहीत. "टोकू नको. टोकून कुणाचं आपल्याला मिळत नाय गो." वहिनी खाली बघत उभी होती, तिच्या पायाच्या अंगठ्याला चिखल लागलेला. मला वाटलं ही मनात हसतेय. चौथ्या शनिवारी मी घरी आलेच नाही. महाडच्या खोलीवर परीक्षेचं निमित्त करून बसले, आणि त्या रविवारी तुम्ही ते उरकून टाकलंत. त्यानंतर अंगणात येणाऱ्या माणसांना ताकाचा पेला वहिनीच्या हातून मिळायला लागला आणि तुम्ही लांब ओट्यावर बसून पान जमवायला लागलात. तुमच्या तोंडावर असं समाधान असायचं की मला बघवायचं नाही.

मी मुंबईला गेले, एका संशोधन संस्थेत लागले, आणि यकृताच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या विभागात मागून घेतलं. लोक विचारतात, हाच विषय का? मी सांगते, आवड. आवड कसली डोंबलाची. तुम्ही वहिनीला पाटा-वरवंटा दिलात, तर मी त्याहून मोठं काहीतरी करून दाखवणार होते. काम सांगते, तुम्ही कधी नीट विचारलं नाहीत. पेशीला बाहेरून निरोप येतो, वाढ म्हणून. तो दारातल्या एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, असा पार आतल्या गाभ्यापर्यंत जातो. फोन नव्हते तेव्हा खालच्या वाडीतून वरच्या वाडीला मयताची खबर हाळी देत देत जायची ना, तसा. चांगल्या पेशीत काम झालं की हाळी थांबते. कॅन्सरच्या पेशीत ती थांबतच नाही. आम्ही त्या रांगेतला एकजण हेरायचा आणि त्याचं तोंड बंद करणारं औषध शोधायचं. आधी उंदरांवर. त्यांना पाण्यातून एक रसायन द्यायचं, काही महिन्यांनी यकृतावर गाठी धरतात. मग काहींना औषध, काहींना नुसतं पाणी. शेवटी सगळ्यांची यकृतं काढून, वाटून, त्यातली प्रथिनं वेगळी करून फिल्मवर पट्ट्या उमटवायच्या. पट्टी काळी म्हणजे निरोप चालू, फिकट म्हणजे अडला. आणि यकृत इतकं बेरकी की एक वाट अडवली तर चार दिवसांनी दुसऱ्या वाटेने निरोप आत. आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणायच्या, यकृताशी भांडताना घाई करायची नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका मे महिन्यात मी घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होतात आणि तुमचे डोळे पिवळे होते. मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. "बाबा, डोळे बघू." तुम्ही म्हणालात, "ऊन लागलंय." मी तुम्हाला खाटेवर आडवं केलं, बरगडीखाली हात घातला, आणि हाताला दगड लागला. रोज ज्या गाठी चिमट्यात धरून मोजत होते तसलीच एक माझ्या बोटांखाली, माझ्या बापाच्या पोटात. तेव्हा दारातून वहिनी हळूच म्हणाली, "शिमग्यापासनं हाय. मला दाखवलं व्हतं." बाबा, शिमग्यापासून! मी यकृताच्या कॅन्सरवर काम करते, आणि तुम्ही पोटावर हात ठेवू दिलात तो सातवी पास वहिनीला. मी तिच्यावर ओरडले, औषध पाजत बसलीस ना, वेळ घालवलास. ती म्हणाली, "नाय वन्सं, एक थेंब दिला नाय. मामंजींनीच शिकवलंय, डोळे पिवळे आणि बरगडीखाली गाठ असली तर आपण हात लावायचा नाय, महाडला दाक्तरकडं धाडायचं. मी रोज सांगत व्हते, चला. ते ऐकायचे नायत." तिचं सगळं बरोबर होतं, आणि म्हणून मला तिचा जास्तच राग आला.

मुंबईच्या हॉस्पिटलात तुम्ही दीड महिना होतात. करण्यासारखं काही उरलं नव्हतं हे मला पहिल्या फोटोतच कळलं होतं. एका दुपारी तुम्ही विचारलंत, "तुझे उंदीर बरे होतात का गो?" मी म्हटलं, "काही होतात." "मग सोडून देता त्यांना?" "नाही. मारावं लागतं. यकृत काढून बघायचं असतं." तुम्ही हसलात, खोकलात, पुन्हा हसलात. "म्हंजे बरा झाला तरी सुटका नाय बिचाऱ्याची." तेवढंच काय ते आपण माझ्या कामाबद्दल बोललो. मी तिथे चोवीस तास, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणारी, रिपोर्ट वाचणारी, आणि पाणी हवं असलं की तुम्ही हाक मारायचात, "सूनबाई." ती बाकावरून उठायची. मी भांडं पुढे केलं तर एक घोट घ्यायचात, माझा मान राखायला.

तुमच्या वर्षश्राद्धाला मी आले ती मनात एक बेत घेऊन. रविवार होता. अंगणात पोलादपूरचा एक माणूस मुलीला घेऊन बसला होता. वहिनी बांधाकडे निघाली आणि मी तिच्या मागे, लांबून, चप्पल हातात घेऊन. आंब्याच्या बुंध्याआड उभी राहिले. ती वाकली, इकडेतिकडे बघितलं, काहीतरी उपटलं, पदराखाली घेतलं आणि गेली. मी जाऊन तेच रोप मुळासकट उपटलं, ओल्या पेपरात गुंडाळलं. चाळिशीला टेकलेली बाई, आणि कैऱ्या चोरल्यासारखी छाती धडधडत होती. मुंबईत आमच्या ओळखीच्या वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी बघून सांगितलं, साधंच तण आहे, बांधाबांधावर उगवतं. मला वाटलं, असंच तर असणार. पुढच्या खेपेला दादाला काहीतरी सांगून गोणभर नेलं. मॅडमना पटवलं, प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीकडून परवानगी काढली, अर्क केला, उंदरांना पाजला. रविवारीसुद्धा संस्थेत जात होते. कुणाला अर्क, कुणाला पाणी ही पिंजऱ्यांवरची अक्षरं वाचताना मी कुणाच्या बाजूने होते ते मलाच ठाऊक नव्हतं. औषधाला गुण आला असता तर जगभर तुमचं औषध माझ्या नावाने गेलं असतं. नसता आला, तर वहिनीला मिळालं ते काहीच नव्हतं असं सिद्ध झालं असतं. दोन्हीकडून माझीच जीत.

पट्ट्या काळ्याच आल्या. अर्क दिलेल्या उंदरांच्याही आणि न दिलेल्यांच्याही. गाठींमध्ये फरक नाही, निरोप जसा चालू होता तसाच चालू. मॅडमना वाईट वाटलं, त्यांनी अहवाल लिहून प्रकरण मिटवायला सांगितलं. आणि मी, बाबा, लाज सोडून सांगते, मला आनंद झाला. इतका की मी खाली जाऊन एकटीने मिसळपाव खाल्ला. साधी कावीळ बरीचशी आपली आपण उतरते, विश्रांती आणि पथ्य पुरतं, हे मी पुस्तकात वाचलेलंच होतं. आता माझ्या हातात फिल्म होती. पुढच्या सुट्टीत मी ती पिशवीत घातली आणि पोलादपूरची एसटी धरली.

वहिनी चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी पाटावर बसले आणि सुरुवात केली. रोप, अर्क, उंदीर, पट्ट्या. फिल्म उजेडात धरून दाखवली. "वहिनी, राग मानू नकोस, पण बाबांच्या औषधात काही नाही." ती ऐकत होती, भाकरी उलटत होती. मग तिने विचारलं, "कुठलं रोप वन्सं? तुम्ही आंब्यामागं उभ्या व्हतात त्या दिवशीचं?" मी उजेडात धरलेली फिल्म खाली घेतली. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, दाबलं गेलं नाही, आणि मग पदर तोंडाला लावून अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "अगो बाई, ते आमी म्हशीला घालतो! तुमची निळी साडी लांबनं दिसत व्हती. कुणी बघत असलं की हाताला येल ते उपटायचं, मामंजींनीच सांगितलेलं. तुम्ही गेल्यावर मी परत जाऊन आणलं. आणि गोणभर नेलंत? उंदरांना पाजलंत?" मी म्हटलं, "वर्ष गेलं माझं." ती म्हणाली, "आमच्या म्हशीला इचारलं असतंत तर तिनं पण सांगितलं असतं, यानं काय व्हत नाय." हसता हसता तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं.

मग तिने पिठाचे हात पुसले आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. "ताकाला जाऊन भांडं का लपवता वन्सं? मला इचारायचंत." मी म्हटलं, "तू सांगितलं असतंस?" तर म्हणाली, "मामंजी जाताना सांगून गेलेत. माझी लेक मागायला आली तर दे. पण मागू दे तिला. मागितल्याबिगर द्यायचं नाय, आजाऱ्याला नाय की वारसाला नाय, त्याचा नेमच हाय तो." मी विचारलं, "तू मागितलं होतंस?" "मग? लग्न होऊन दोन महिने झाले व्हते. माझा धाकटा भाऊस काविळीनं गेला, कुडपणावरनं खाली आणीस्तवर. मी मामंजींच्या पायाशी बसले, म्हटलं मला शिकवा. ते म्हणाले, माझी लेक मागंल म्हणून थांबलोय. पण तिनं अजून तोंड उघडलं नाय, आणि तू मागितलंस. आता तुला नाय कसं म्हणू?"

बाबा, तुम्ही थांबला होतात. मी ओट्यावर उभी राहून तीन रविवार हाका मारल्या, कुठे चाललात, कुठे चाललात, पण मलाही न्या असं काही तोंडातून निघालं नाही. मी लेक होते, मला वाटायचं मला विचारावं लागू नये. तुम्हाला वाटत होतं हिला हवं असेल तर बोलेल. आणि आपल्या दोघांच्या मधून ती कुडपणची पोर सरळ चालत जाऊन तुमच्या पायाशी बसली. भावाच्या मरणाचं ओझं घेऊन आलेल्या त्या मुलीवर मी जन्मभर जळत राहिले, आणि हे कळल्यावर जळणं थांबेल म्हणावं तर ते दुप्पट झालं. तिच्या हातातल्या औषधापेक्षा मला तिच्या त्या बसण्याचा हेवा वाटतो. मला ते कधी जमलं नसतं.

वहिनी माझ्याकडे बघत थांबली होती. मला एवढंच म्हणायचं होतं, सांग. मी म्हटलं, "भाकरी करपतेय." ती उठली. मी फिल्म पिशवीत घातली आणि दुपारच्या गाडीने परत फिरले. त्यानंतर कितीदा तरी गावी गेले, ती प्रत्येक वेळी निरोप द्यायला फाट्यापर्यंत आली, गाडी येईपर्यंत उभी राहिली. आता काविळीला माणसं महाडच्या दवाखान्यात जातात. तिची सून पनवेलला असते, तिला त्यात गोडी नाही. वहिनीला आता वरवंटा ओढवत नाही.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होते आहे. कपाट आवरताना त्या रोपाचा कागद सापडला. प्रयोगाला वापरलेल्या झाडाचा एक नमुना दाबून, वाळवून कागदावर चिकटवून ठेवावा लागतो आणि खाली रकाने भरावे लागतात. माझ्याच अक्षरात आहे: उपयोग, कावीळ, ठिकाण, पोलादपूर तालुका. ते खोटं आहे, ते म्हशीचं खाणं आहे. उद्या कुणी तो कागद वाचून त्यावर विसंबेल, कदाचित कुणाला पाजेलही. म्हणून आज मी संस्थेला दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले होते. वर तारीख टाकली, आणि पुढे हे तुम्हाला लिहीत सुटले. ते पत्र अजून लिहिलेलं नाही. कारण त्या कागदावर शेवटचा एक रकाना आहे, माहिती कुणी सांगितली. वहिनीच्या मागे चोरून गेले असं कसं लिहिणार होते? तिथे मी लिहिलंय, वडिलांनी. दुरुस्ती करायची तर ते आधी खोडावं लागेल, आणि बाबा, माझ्याने ते खोडवत नाही.